वालाच्या वेलावरचा जमादार

सव्वा महिना म्हणजे किती, हे कॅलेंडर पाहून कळत नाही. त्यासाठी ओली बाळंतीण व्हावं लागतं, आणि तेसुद्धा माझ्या आईच्या हाताखाली.

माझं मारेगावात शिवणकामाचं दुकान आहे. पोट पुढे येत गेलं तशी खुर्ची मागे सरकवत मी नवव्या महिन्यापर्यंत ब्लाऊज शिवत होते. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, आता तरी बसा. मी म्हणायची, बसलेलीच तर आहे. पण पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम. म्हणून राळेगावपासून आत असलेल्या आमच्या गावी आले. दवाखान्यात पोरगी झाली, घरी आलो आणि आईनं मला मागच्या खोलीत घालून दारावर गोधडी टांगली.

"दार हाये ना वं," मी म्हटलं. "मंग गोधडी कायले?"

"फटीतून वारा येते."

झालं. त्या दिवसापासून मी कैदेत. कानाला फडकं, पायात मोजे, बाजेखाली शेगडी. बाहेर कापूस वेचणारी माणसं घाम पुसत होती आणि मी आत शेकून निघत होते. गार पाणी नको, ताक नको, वांगं नको. मोबाईल पाहू नको, डोळे जातात. खिडकीत उभी राहू नको, कंबर धरते. सुई हातात घेऊ नको, लेकराच्या पोटात टोचते. हे शेवटचं कुठून काढलं होतं देव जाणे! मी विचारलं तर म्हणाली, "तुले काय करायचं? नाही म्हटलं ना."

आणि काढा. सकाळी पेलाभर, संध्याकाळी पेलाभर, किराइताचा काढा. ज्यानं किराईत प्यायलं नाही त्यानं कडू हा शब्द वापरूच नये. पहिल्यांदा प्यायले तेव्हा आतडी तोंडाशी आली. आई समोर उभी, पेला रिकामा होईपर्यंत हलायची नाही. नंतर नंतर मी तो चहासारखा पिऊन टाकू लागले. वहिनीनं एकदा कारल्याची भाजी दिली, तर मला ती बटाट्याची वाटली.

आई वाईट नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाही तर पुढचं वाचून लोक तिच्यावर चिडतील. तिनं माझं केलं तेवढं कोणी करणार नाही. पहाटे उठून पाणी तापवायची, पोरीला न्हाऊमाखू घालायची, मला दिवसातून चारदा ताजं करून वाढायची. पण तिच्या करण्यात सगळं भयच भरलेलं होतं. ते भय कुठून आलं तेही आम्हा भावंडांना पाठ होतं, कारण ती गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो.

आईची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, तान्हं लेकरू घरात असताना परसातल्या वाडीत गेली आणि तिला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो. पान लागलं म्हणतात. मावशी त्याच रात्री गेली. मागोमाग तिचं लेकरूही गेलं. ते माझ्या आईच्या मांडीवर गेलं, तेव्हा आई परकरातली पोर होती. "माईच्या दुधात जहर उतरलं, ते लेकराले बाधलं," असं सगळे म्हणत आणि आईही तेच म्हणे. ही गोष्ट सांगताना तिचा आवाज कधी हलायचा नाही.

तर अशी मी खोलीत. करायला काही नाही. पोरगी प्यायची, झोपायची, ओली करायची. मला एकच करमणूक होती, खिडकी. गज लावलेली छोटी खिडकी, परसात उघडणारी, आणि तिच्यावर अर्धा चढलेला वालाचा वेल. आईला वाटायचं वेलानं वारा अडतो, म्हणून ती खिडकी बंद करायला सांगत नव्हती. बाजेवर पाय सोडून बसलं की वेल नाकासमोर. जांभळी फुलं, कोवळ्या शेंगा, मावा, मुंग्या, अळ्या. इतके दिवस मी वालाच्या शेंगा फक्त खाल्ल्या होत्या. त्या वेलावर एवढं गाव वसलेलं असतं हे मला कुठे माहीत!

तिथं मला तो दिसला. बोटाच्या पेराएवढा, काळपट तांबडा किडा. बारीक मान, लांब लांब पाय आणि तोंडाखाली दुमडून ठेवलेली वाकडी सोंड. पहिल्यांदा वाटलं मेलेला आहे, इतका स्थिर. सकाळी पाहिला तिथंच दुपारी. मग एक हिरवी अळी शेंग पोखरून बाहेर आली. यानं एक पाय उचलला, थांबला. दुसरा उचलला, थांबला. अळीला पत्ताच नाही. आणि मग सोंड उघडून सपकन अशी घातली तिच्या अंगात की मी बाजेवर बसल्या बसल्या "अवं माय!" करून ओरडले. अळी वळवळली, थांबली. तो तिथंच तिला धरून चोखत बसला. घाई नाही, गडबड नाही. पुढे अळीचं नुसतं कातडं राहिलं.

मी त्याचं नाव जमादार ठेवलं. वहिनीला दाखवला. वहिनी शेतीशाळेत जाते, कपाशीवरचे किडे तिला चेहऱ्यानं ओळखू येतात. ती गजातून वाकून म्हणाली, "हा चांगला हाये, वन्सं. अळ्या खाते. मारू नोका. पण हात नोका लावू. असा डसते का इंचू बरा."

"याले काय म्हणते?"

"मारेकरी ढेकूण म्हनत होते तिथले साहेब."

मला जमादारच बरं वाटलं. रोज सकाळी डोळे उघडले की आधी पोरीकडे पाहायची, मग जमादाराकडे. वेलावर एक खंडोबाचा घोडाही होता, हिरवा, हात जोडून बसणारा, पण तो मला ढोंगी वाटायचा. जमादार आपला सरळ. मी त्याच्याशी बोलायची सुद्धा. काय जमादार, आज फराळ झाला का? माझा झाला, किराईत प्याले. हसू नका. माणूस कोंडलं की असंच होतं. मला कधी कधी त्याचा रागही यायचा. तो दिवसभर एका पानावर बसून राहायचा, पण आपल्या मर्जीनं. उठायचं तेव्हा उठून जायचा.

सव्वा महिना संपायला थोडेच दिवस उरले होते. दादा, म्हणजे माझा भाऊ, कापूस घेऊन राळेगावला गेलेला. दुपार कलत होती. आमच्याकडे लेकराचे कपडे दिवस बुडायच्या आत आत घ्यावे लागतात, बाहेर राहिले तर त्यावरून काहीबाही जातं म्हणतात. पण त्या दिवशी दोरीवर कापूस वेचायच्या झोळ्या धुऊन घातल्या होत्या, म्हणून वहिनीनं पोरीचे लंगोट वालाच्या वेलावर पसरले होते. सगळे तिनं गोळा केले, एक राहिला. तो माझ्या खिडकीजवळच होता. पोरगी झोपलेली. आई पुढे चुलीपाशी. मी म्हटलं, एवढ्यासाठी कोणाला हाक मारायची? गजातून हात घातला, लंगोट ओढला आणि चुरगळून मुठीत धरला.

सुई बोटात जाणं मला नवीन नाही. एकदा मशीनची सुई नखातून आरपार गेली होती, तरी मी गिऱ्हाइकासमोर आवाज केला नव्हता. पण हे काही वेगळंच. अंगठा आणि बोट यांच्या मधल्या मऊ जागी कोणी तापलेली सळई घातली आणि आत फिरवली असं वाटलं. मी किंचाळले. लंगोट हातून खोलीत पडला. पोरगी दचकून उठली, वेल हादरला, आणि त्याच्याखालून काहीतरी सळसळत पळालं.

शेजारच्या काकू नेमक्या परसात शेंगा तोडत होत्या. रोज पोरीला मालिश करायला त्याच यायच्या. गावातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत ठरलेलं असतं, आणि ते त्या मोठ्यानं सांगतात. त्यांनी ती सळसळ पाहिली.

"शेपटी! म्या शेपटी पाह्यली! अवं धावा वं, पोरीले पान लागलं!"

आई गोधडी बाजूला फेकून आत आली. आली ती माझ्याकडे नाही आली. तिनं आधी माझ्या शेजारून पोरगी उचलली आणि भिंतीपर्यंत मागे सरकली. मग माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरले नाही. मी तिची लेक नव्हतेच त्या क्षणी, मी काहीतरी भलतंच झाले होते.

"आई, किडा हाये. तो वेलावरचा. जमादार." मी हात पुढे केला. "पाह्य, एकच टिपका हाये. दोन दात नाही."

"एकच दात लागला असन," काकू खिडकीतून म्हणाल्या.

वहिनी धावत आली. तिनं माझा हात पाहिला, वेलाकडे पाहिलं. "वन्सं म्हनते ते खरं असू शकते, आई. तो डसते." मग तिचा चेहरा पडला. "पन काकूंनं शेपटी पाह्यली म्हनते. खरंच तसं असलं तर? मी गाडी बलावतो." हे मात्र तिचं खरं होतं. तिनं दादाला फोन लावला, मग रुग्णवाहिकेला. जाता जाता सवयीनं खाली पडलेला लंगोट उचलून बाकीच्या कपड्यांच्या टोपलीत टाकला आणि गाडीला रस्ता दाखवायला फाट्यावर पळाली. घरात अकलेनं विचार करणारी एकच बाई होती, ती गेली.

आईनं माझ्या दंडाला परकराची नाडी आवळून बांधली. इतकी की बोटं निळी पडायला लागली. काकूंनी कडूलिंबाची डहाळी आणली. आमच्याकडे पान लागलेल्या माणसाला लिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर जहर चढलं नाही. नाही लागला तर चढलं. दवाखाना असो, गाडी येवो न येवो, पाला आधी.

मी मूठभर पाला तोंडात घातला आणि चावला. मला वाटलं, चला, एकदाचं हे संपेल. चावते आहे, चावते आहे, आणि तोंडात काहीच नाही. हिरवी चव. मेथीसारखी. महिनाभर किराईत पिऊन माझी जीभ मेली होती, पण त्या वेळी ते माझ्याही डोक्यात आलं नाही.

"कडू लागते?" आईनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. पण मीच घाबरले होते. मलाच शंका आली की खरंच शेपटी असेल तर? "थोडंसंक लागते," मी म्हटलं.

काकूंनी कपाळावर हात मारला. आईनं पोरीला छातीशी आणखी घट्ट धरलं.

मग सुरू झाली पंचाईत. पान लागलेल्याला आमच्या गावात मारोतीच्या पारावर नेतात. पण मी बाळंतीण, मला विटाळ. पारावर पाय ठेवता येत नाही. खोलीत ठेवावं, तर बाजेवर पडून डोळा लागायचा, आणि डोळा लागला की जहर चढतं. पारावर जायची सोय नाही, खोलीत राहायची सोय नाही! शेवटी काकूंनी बाज उचलून अंगणात लिंबाखाली टाकली आणि मला तिच्यावर बसवलं. इतक्या दिवसांनी मी बाहेर आले ती अशी, दंडाला नाडी बांधून. ऊन डोळ्यात घुसलं. आणि एवढ्या गोंधळात आईला मागून ओरडून सांगायचं सुचलं, "कानाचं फडकं सोडू नोको!"

हाताची आग आता कोपरापर्यंत आली होती. पण खरं सांगते, हाताचं दुःख मी विसरले, कारण आत पोरगी रडायला लागली. भुकेचं रडणं. प्यायची वेळ टळून गेली होती. आई होऊन बघा म्हणजे कळेल, पोरगी आत रडते आणि इथं दूध आपोआप सुटतं. ब्लाऊज भिजला, पदर भिजला. सात पावलांवर माझी पोरगी उपाशी आणि दूध मातीत गळतंय.

"आई, दे तिले इकडे."

"नाही."

"आई, मले काही झालं नाही वं! मी बोलून राह्यली, पाहून राह्यली. मेलेलं माणूस असं भांडते का?"

"पाजशीन तर माह्यापेक्षा वाईट कोनी नाही," आई दारातून म्हणाली. ती कापसाची वात करून साखरेचं पाणी पोरीच्या ओठावर पिळत होती. पोरगी तोंड फिरवत होती. "गाडी येऊ दे. डॉक्टर म्हनन तं पाजजो."

"गाडी येईस्तोर ती रडून मरन!"

आई थबकली. पण दिली नाही.

मी बाजेवरून उठले. काकूंनी खांदे धरून मला खाली बसवलं. बाई चांगली दणकट, रोज चार घरची लेकरं मालिश करते. पुन्हा उठले, पुन्हा बसवलं. मी शिव्या दिल्या. काकूंना, त्या शेपटीला, लिंबाला, सव्वा महिन्याला, सगळ्यांना. "चढून राह्यलं वं हिले," काकू आईला म्हणाल्या. म्हणजे मी गप्प बसले तर झोप येते म्हणून जहर, आणि ओरडले तर डोक्यात गेलं म्हणून जहर! कुठून सुटायचं माणसानं? मी तोंडात पदर कोंबून रडले. रागानं रडले, दुःखानं नाही.

तेवढ्यात आईचा आवाज आला, "हे तं चिंब भिजली." आणि टोपली ओढल्याचा आवाज.

लंगोट! जमादार कुठे गेला ते मी पाहिलंच नव्हतं. हात झटकला तेव्हा तो खाली पडलेला दिसला नाही. तो लंगोटाच्या घडीतच असणार. आणि तो लंगोट आता माझ्या महिन्याच्या पोरीला बांधायला काढणार.

"आई! थो लंगोट नोको बांधू! त्यात किडा हाये!"

"ऐकलं?" काकू म्हणाल्या. "आता लंगोटात किडा हाये म्हनते."

"आई, तुह्या पाया पडतो. मले नोको देऊ पोरगी. नोको पाजू देऊ. मरू दे मले इथी. पन झटकून घे लंगोट. येवढंच ऐक वं माह्यं. एकडाव झटक!"

मग कापड झटकल्याचा फटका. एकदा. दुसऱ्यांदा. आईचा आवाज, "काही नाही यात." आणि मग मला वाटतं माझं समाधान व्हावं म्हणूनच तिनं घडीत हात घालून चाचपलं असावं.

आई किंचाळली नाही. तिच्या तोंडातून "हां" असा एक आवाज निघाला, जसा कोणी पाठीत बुक्की मारल्यावर निघतो. ती बाहेर आली. एका हातावर पोरगी, दुसऱ्या हातात लंगोट. लंगोट तिनं अंगणात टाकला. त्यातून जमादार बाहेर आला. एक पाय उचलला, थांबला. दुसरा उचलला, थांबला.

काकूंनी चप्पल काढली.

"थांब," आई म्हणाली. "पाहू दे मले."

ती खाली वाकली. त्याची सोंड पाहिली. मग आपलं बोट पाहिलं, टिपका एकच. मग माझ्याजवळ येऊन माझा हात उलटा करून पाहिला. माझ्या बाजेवर लिंबाची फांदी लवलेली होती. तिनं पाच-सहा पानं ओरबाडली आणि आपल्या तोंडात टाकली. चावली न चावली आणि थू थू करत सगळी मातीत थुंकली. डोळ्यात पाणी आलं तिच्या.

"कडू जहर हाये हे," ती म्हणाली. "तुले कडू काहून नाही लागलं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "महिनाभर किराईत पी," मी म्हटलं. "मंग खा पाला. मंग इचार मले."

आई तिथंच बाजेच्या कडेला बसली. काकू चप्पल हातात घेऊन उभ्या. "पन शेपटी म्या पाह्यली," त्या म्हणाल्या, पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"सरडा असन," आई म्हणाली. "दोन-तीन हायेत त्या वेलाखाली. मीच हाकलतो रोज."

तिचा उजवा हात आगीनं निकामी झाला होता, म्हणून माझ्या दंडाची नाडी तिनं दातांनी सोडली. मग पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं. पोरगी रडून रडून इतकी दमली होती की आधी तिला धरताच येईना. मग धरलं तिनं. तिच्या घशातून घुटक्यांचा आवाज यायला लागला, आणि मी डोळे मिटून घेतले. कोणी म्हणालं नाही, झोपू नोको म्हणून.

वहिनी गाडी घेऊन आली तेव्हा आम्ही अशा बसलेल्या. गाडीतल्या दवाखान्याच्या माणसानं दोघींचे हात पाहिले, नाडीचे वळ पाहिले आणि ओरडला, असं बांधत जाऊ नका, हातच गेला असता. किडा दाखवावा तर जमादार कधीच निघून गेला होता. तो म्हणाला, तरी चला, शेपटी पाहिली म्हणता तर रात्रभर दवाखान्यात नजरेखाली राहिलेलं बरं. मग मी, आई आणि पोरगी गाडीत. वहिनी पुढे बसली.

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंनी कपाशी, वेचून झालेली अर्धी, अर्धी पांढरी. काच उघडी होती आणि वारा सरळ माझ्या तोंडावर येत होता. मी आईकडे पाहिलं, आता म्हणेल, लाव ती काच. तिचं लक्षच नव्हतं. सुजलेला हात मांडीवर ठेवून ती पोरीकडे पाहत होती. पोरगी पिऊन झोपली होती, ओठाला दूध लागलेलं.

मला तिचा राग होता. खूप राग होता. घरी गेलो की काय काय बोलायचं ते मी मनात जुळवत होते.

"माह्या बहिनीचं पोट्टं," आई एकदम म्हणाली, "असंच रडत होतं. मले घरातल्या म्हाताऱ्या बुडीनं सांगतलं, धरून बस, माईजवळ जाऊ देऊ नोको. मी धरून बसली."

मी तिच्याकडे वळले.

"मंग ते रडनं बंद झालं त्याचं. मले वाटलं, निजलं." तिनं पोरीच्या ओठावरचं दूध पुसलं. "दूध बाधलं म्हनते सारे. मीबी तेच म्हनतो. इतके वर्ष झाले, तेच सांगतो." तिनं माझ्याकडे पाहिलं. "पन पेलं कुठी होतं वं ते?"

गाडीच्या आवाजात वहिनीला काही ऐकू गेलं नसावं. माझ्या मनात जुळवलेलं सगळं तिथंच सांडलं. मला तिला हात लावावासा वाटला, पण माझा एक हात सुजलेला आणि दुसऱ्यावर पोरगी. मला रडू आलं आणि या वेळी ते रागाचं नव्हतं.

गाडीला खड्ड्यात दणका बसला. पोरगी जागी झाली, तोंड उघडून शोधायला लागली. आईनं आपल्या चांगल्या हातानं तिला उचललं, दुसऱ्या बाजूनं माझ्या पदराखाली ठेवलं आणि तिचं डोकं धरून राहिली.

"पाज," ती म्हणाली. "पाज वं तिले. पोट भरून पाज."